किल्लेदार मास्तर

आमच्या घरमालकांनी एका सकाळी स्वतःच्या घराचं दार काढून टाकलं. मोडलं नव्हतं, वाळवी लागली नव्हती, चांगलं सागवानी दार होतं. दोन्ही फळ्या बिजागऱ्यांतून उचकटल्या, एकेक करून मागल्या न्हाणीजवळ नेल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. आम्ही त्यांच्या भिंतीला लागून बिऱ्हाडाला होतो; मी पाणी भरत होते. म्हटलं, "मास्तर, हे काय मांडलं सकाळी सकाळी? सुतार येणार हाये का?"

"नाही," ते म्हणाले. "हवा येत नव्हती."

हवा! अकोल्यात मे महिन्यात लोक दारंखिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्या भिजवून अंधारात पडून राहतात, आणि ह्यांना हवा पाहिजे. पुढं त्या घराला दार लागलंच नाही. पावसाळ्यात मास्तर चौकटीला तरट टांगायचे, ते वाऱ्यानं उडून थेट स्वयंपाकघरात यायचं. गल्लीतली कुत्री दुपारची आत येऊन त्यांच्या खाटेखाली झोपायची. एकदा एक म्हातारी गाय अर्धी आत आली आणि तिला पुढंही जाता येईना, मागंही. आमच्या ह्यांनी आणि समोरच्या दोघांनी मिळून तिला बाहेर काढली. मी बाई जन्माची फटकळ. तोंडावर म्हटलं, "मास्तर, एखाद दिवशी चोर येऊन भांडी-कुंडी घेऊन जाईल."

पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "येऊ द्या. कोणीतरी येईल."

कोणाची वाट पाहत होते ते साऱ्या जठारपेठेला ठाऊक होतं. मुलीची. सुशीला तिचं नाव, एकुलती एक. ती होती अमरावतीत, म्हणजे सकाळच्या गाडीनं निघालं तर जेवणाच्या वेळेला पोचता येईल इतकी जवळ. पण मास्तरांनी तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, आणि त्याला आता वर्षं झाली होती. मास्तरांना ती यायला हवी होती. बोलवायला मात्र ते जाणार नव्हते. एवढीच गोष्ट, पण तिनं त्या माणसाला आतून पार खाऊन टाकलं होतं.

मास्तर शाळेत मराठी शिकवायचे, पण त्यांची ओळख ती नव्हती. त्यांना सगळे किल्लेदार म्हणायचे. ते काही आडनाव नव्हे, ती त्यांची भूमिका. वीस-बावीस वर्षं त्यांनी एकाच नाटकातलं एकच काम केलं. शाळेच्या गॅदरिंगला, गणपतीत, अकोल्यात, अमरावतीत, मूर्तिजापूरला, कारंजाला. आमच्या माहेरी, अमरावतीच्या अंबागेटच्या आत, माझ्या लहानपणी गणपतीत मांडव घातला की बाया एकमेकींना विचारायच्या, "किल्लेदार येऊन राहिले का यंदा?" उंच, खांद्यानं रुंद, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं मूल दचकून उठावं. रिटायर झाल्यावरही त्यांची छत्री कधी छत्री झाली नाही, कायम तलवारच राहिली. दूधवाल्याला म्हणायचे, "आज दुग्धात जलाचा अंश अधिक आहे, गृहस्था." तो बिचारा माझ्याकडं बघायचा. खरी वऱ्हाडी बोली ते दोनदाच बोलायचे, मांजराशी आणि मनाला लागलं म्हणजे.

नाटक जुनं होतं. इंग्रजीतून आपल्याकडं आलेलं, आणि इंग्रजीत म्हणे आणखी कुठून तरी आलेलं. गोष्ट साधी. एका किल्ल्याला वेढा पडलाय. किल्लेदारानं राजाला शब्द दिलाय की पहाटेची नौबत झडेपर्यंत कोणासाठीही दरवाजा उघडणार नाही. रात्री त्याचा स्वतःचा लेक जखमी होऊन दरवाजाशी येतो, बाबा बाबा म्हणून हाका मारतो. किल्लेदार उघडत नाही. लेक पायरीवर मरतो. आणि सकाळी कळतं की वेढा तर संध्याकाळीच उठला होता, बाहेर शत्रू नव्हताच. मूळ नाटकात मग किल्लेदार स्वतःच्या हातानं दरवाजा उघडतो, लेकाला मांडीवर घेतो आणि त्याची वाचा जाते. तिथं पडदा पडतो. आपल्या मराठी नाटककाराला हे सोसलं नसावं. त्यानं शेवटी राजाला आणलं. राजा किल्लेदाराला शेला-पागोटं देतो, शब्दाचा पक्का म्हणून त्याची पाठ थोपटतो आणि सगळे मिळून भरतवाक्य म्हणतात. मास्तरांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मी म्हटलं, "अन् त्या पोट्ट्याले कोण उचलते?"

मास्तर चपापले. "त्याला... विंगेत नेतात," म्हणाले.

म्हणजे ज्या नाटकानं बापाची छाती फुटावी ते आपल्याकडं येता येता बापाच्या सत्काराचा समारंभ होऊन बसलं. आणि लोकांना तेच आवडलं. बाया लेकासाठी डोळे पुसायच्या आणि त्याच पदरानं नाक पुसून बापासाठी टाळ्या वाजवायच्या. मास्तर वर्गातसुद्धा हेच शिकवायचे, शब्द पाळावा तर असा. दरवाजापाशी उभं राहून ते जे म्हणायचे ते तर पोरासोरांना पाठ होतं: "हे कवाड बापास ओळखत नाही, लेकास ओळखत नाही! ते ओळखते केवळ दिलेल्या शब्दास! जा बाळा, पहाट होईतो जिवंत राहा!" ह्यावर वन्स मोअर ठरलेला. आणि तेव्हाची रीत अशी की वन्स मोअर आला की द्यायचा, मग प्रसंग मरणाचा का असेना. मेलेला लेक उठून बसायचा, धूळ झटकायचा, पुन्हा हाका मारायचा आणि पुन्हा मरायचा. मास्तर स्वतःच एकदा मला म्हणाले होते, "दारू सकाळी उतरते तरी. टाळी काही उतरत नाही."

आता तो दिवस. हे आम्ही राहायला यायच्या आधीचं. समोरच्या काकूंनी मला सांगितलं, आणि मागाहून मास्तरांनीही सांगितलं, म्हणून खरं धरायचं.

नाटकातल्या लेकाचं काम शेवटी शेवटी यशवंत नावाचा त्यांचा एक विद्यार्थी करायचा. फार हुशार मुलगा. तो नाटकात आला त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. स्टेजवर मास्तर त्याला "बाळा" म्हणायचे ते असं गळ्यातून म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं ह्याच्या पोटचाच आहे. घरी आला तर ओट्यावर बसवायचे. त्याला चहा बाहेर, वेगळ्या कपात. तो कप ओट्याच्या कोनाड्यात ठेवलेला असे, आणि तो विसळून ठेवायची सुशी. पुढं यशवंत अमरावतीला जंगल खात्यात कारकून झाला, आणि सुशीनं आणि त्यानं तिथं रजिस्टर लग्न केलं. दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला आली, पाया पडायला.

सुशीच्या आईला काय वाटलं असेल कोण जाणे, पण तिनं भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता. नव्या जोडप्यावरून ओवाळून टाकायला. ती नवऱ्याच्या मागं तो घेऊन उभी राहिली. मास्तर दारात होते. त्यांनी नुसतं "जा" म्हटलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. बापाचा राग पोरींना समजतो. पण गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यांवर येऊन उभी राहिली होती, आणि माणसं दिसली की ह्या गृहस्थाचा आवाज बदलायचा. त्यांनी एक हात चौकटीवर ठेवला, मान वर केली आणि सुरू केलं, "हे कवाड बापास ओळखत नाही..."

सुशी हसली. काकू म्हणाल्या, "पोरगी हसली हो, मी सोता पाहिलं." लहानपणापासून ऐकत आलेली ना ती. तिला वाटलं, बाबा थट्टा करून राहिले. आता संवाद संपेल, मग तेही हसतील, आणि बाजूला होतील. गल्लीतल्यांनाही तसंच वाटलं. संवाद संपला, आणि पलीकडच्या ओट्यावरून कोणीतरी टवाळखोर ओरडला, "वन्स मोअर!" दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मास्तरांनी दिला. जसाच्या तसा, हात तिथंच, मान तशीच, "जा बाळा, पहाट होईतो जिवंत राहा" पर्यंत सगळा. वीस वर्षांची सवय, दुसरं काय! पण समोर पोरगी होती हो, पडद्याचा दरवाजा नव्हता. सुशीचं हसू गेलं. तिनं वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि दोघं गेली. आई भाकरतुकडा हातात घेऊन तशीच उभी.

ती बाई पुढं फार दिवस काढू शकली नाही. ती गेली तेव्हा ह्या माणसानं अमरावतीला कळवलं नाही. सुशीला कळलं ते तेराव्याच्या सुमाराला, अकोल्याहून आलेल्या कोणा ओळखीच्याकडून. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस मास्तरांशी बोलले नाही. भाड्याच्या घरात राहून घरमालकाशी अबोला धरणं सोपं नसतं, पण धरला.

रिटायर झाल्यावर त्यांना वेगळाच नाद लागला. ते नाटक, किंवा त्या नाटकासारखं काहीही, कुठंही, कोणत्याही रूपात होत असलं की हे निघाले. छत्री, पिशवी, पिशवीत चिवडा. "कोण काय वाट लावून राहिलं ते पाहून येतो," म्हणायचे. मला नाही तसं वाटत. मला वाटतं, कुठंतरी ते वेगळं संपतं का, हे बघायला ते हिंडत होते.

एकदा दिवाळीनंतर रिद्धपुराच्या पुढच्या कुठल्या खेड्यात दंडार होती. दंडार म्हणजे आमच्याकडच्या खेड्यातली माणसं सुगीच्या आधी उभ्या उभ्या करतात ते नाचगाण्याचं सोंग. त्यात कोणी तरी हीच गोष्ट घातली होती. मास्तर परत आले ते लालबुंद होऊन. ओट्यावर छत्री आपटली.

"किल्लेदार दारू पेलेला! किल्ली सोंगाड्याच्या कमरेला! आणि बाई, ती लेकाची आई, ती मुसळ घेऊन येते. मुसळ! शोकांतिकेत!"

"मग काय करते?" मी विचारलं.

"काय करणार? नवऱ्याच्या पाठीत घालते, किल्ली घेते, दरवाजा उघडते. पोरगं उठून भाकर मागतं. लोक हसून हसून लोळतात. सत्यानाश!"

"पोरगं वाचलं ना पण?"

"वाचलं."

"मग तुमचं काय दुखून राहिलं?"

त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, खाटेवर बसले. मग एकदम खालच्या आवाजात, त्यांच्या त्या दुसऱ्या बोलीत म्हणाले, "सुशीची माय काहीच बोलली नाही. मागं उभीच होती. तिनं मले ढकललं असतं तर मी बाजूले झालो असतो. मले कोणी ढकललंच नाही."

घ्या! म्हणजे हेही त्याच माउलीच्या माथी. मी तिथल्या तिथं म्हटलं, "मास्तर, तिच्या हातात भाकरतुकडा होता. मुसळ घ्याले हात रिकामा नव्हता तिचा." माझ्या बोलण्यानं त्यांना लागलं, पण ते लागायलाच हवं होतं.

मग सिनेमा आला. हिंदी, गाण्यांचा. ह्याच गोष्टीवरून काढलेला, असं पेपरात कुठंतरी वाचून मास्तरांनी आम्हालाही ओढलं. दुपारचा खेळ होता. सिनेमावाल्यांनी किल्लेदाराला हे एवढाले कल्ले लावले होते आणि कानात विष ओतणारा एक दिवाणजी दिला होता. लेकाची एक प्रेयसी होती, ती दरवाजाबाहेर उभी राहून गाणं म्हणते, पाऊस पडतो, वीज पडते, आणि कुठून तरी हत्ती येऊन दरवाजा फोडतो. पण त्याच्या आधी, किल्लेदार जेव्हा "नहीं खुलेगा" म्हणतो ना, तेव्हा पुढच्या बाकांवरून एक जण ओरडला, "अबे बुढ्ढे, खोल ना!" आणि झालं, सगळं थिएटर ओरडू लागलं, "खोल! खोल! खोल!" मास्तर उभे राहिले. अंधारात छत्री वर करून गरजले, "गप्प बसा! त्यानं शब्द दिला आहे!" भुईमुगाच्या टरफलांचा हा पाऊस पडला आमच्यावर. आमच्या ह्यांनी त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं.

शेवटी बाप लेकाच्या पायाशी पडतो, लेक त्याला उठवतो, मिठी मारतो, लोक शिट्ट्या वाजवतात. मी सहज बाजूला पाहिलं. मास्तरांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते.

घरी येताना सगळा रस्ता शिव्या. "रद्दी! अक्कल गहाण टाकून काढलेला सिनेमा! हत्ती कुठून आणला मेल्यांनी?" दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर छत्री जागेवर नाही. एकटेच गेले होते. मग रोजच जाऊ लागले. थिएटरच्या दारावरचा माणूस त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, तो त्यांना शेवटचं रीळ लागलं की आत सोडायचा. मिठी बघायची आणि घरी यायचं. ज्यानं आयुष्यभर आम्हाला शोकांतिकेचं मोठेपण सांगितलं, तो माणूस त्या फालतू मिठीसाठी उन्हात चालत जायचा. सिनेमा अकोल्यातून उतरला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार काढलं.

त्यानंतरच्या वर्षी बुद्धजयंतीला मी माहेरी होते. यशवंतनं त्यांच्या वस्तीतल्या मैदानावर तेच नाटक बसवलंय असं भावानं सांगितलं, म्हणून मी गेले. जाताना वाटलं होतं, आता हा मास्तरांना जोड्यानं मारणार. तसं काहीच नव्हतं. यशवंतनं एकच केलं होतं, सगळं नाटक दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला मांडलं होतं. आपल्याला दिसते ती पायरी, रात्र, तहान. एकटा लेक नाही, पुष्कळ माणसं, त्यात एक म्हातारी, एक बाळंतीण. किल्लेदार दिसतच नाही. आतून फक्त आवाज येतो. राजा नाही, शेला नाही, हत्ती नाही. पहाट होते, आणि दरवाजा उघडतोय का हे बघायलासुद्धा कोणी थांबत नाही. ती माणसं आपलं मेलेलं माणूस उचलतात आणि चालू लागतात. टाळ्या झाल्या नाहीत. लोक उठले, सतरंज्या झटकल्या आणि घरी गेले. मी इतक्या वर्षांत ते नाटक किती तऱ्हांनी ऐकलं होतं, पण पायरीवरचा गारठा मला त्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी सुशीला भेटले. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती, पोरांच्या वह्या तपासत बसली होती. चेहरा थेट बापाचा. मी कोण, कुठं राहते ते सांगितलं, आणि आडवळण न घेता म्हटलं, "तुझ्या बाबांनी घराचं दार काढून टाकलं. तू येशील म्हणून."

तिनं पेन ठेवलं. "ताई, मी गेली तवाही दार उघडंच होतं," ती म्हणाली. "ते सोता मधात उभे होते."

तिनं समोरची वही मिटली.

"आईच्या वक्ताले तरी सांगायचं होतं त्यायनं," ती म्हणाली. तेवढं म्हणताना तिचा आवाज फाटला. तेवढाच. मग पुन्हा नीट झाला.

"येशील का एकदा?"

"नाई."

"आणि ते आले तर?"

"आले तर चहा देईन. घरी आलेल्या माणसाले कोणी हाकलून देते का?"

अकोल्याला येऊन मी मास्तरांना सगळं सांगितलं, आपल्या पदरचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. त्यांनी त्यातलं एकच धरलं. "चहा देईन म्हणाली? असं म्हणाली?" लहान मुलासारखं चार-चारदा विचारलं. आणि मग त्यांची तालीम सुरू झाली. सकाळी न्हाणीत आवाज यायचा, "कन्ये, या वृद्ध पित्याच्या हातून..." मी भिंतीवर थाप मारायची. "मास्तर, भाषण नका पाठ करू! नुसतं चुकलो म्हणा!"

एकदा भिंतीपलीकडून म्हणाले, "चुकलो हा शब्द कोणत्याच नाटकात माझ्या वाट्याले आला नाही हो, बाई."

आज गुडघा दुखतो, उद्या ग्रहण आहे, परवा गाडीला गर्दी असेल. असं करत करत दोन हिवाळे गेले. शेवटी मीच पिशवी भरली आणि त्यांना स्टेशनवर नेलं. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा ते परत फिरायला निघाले होते. मी हात धरून बसवलं. अमरावतीला टांग्यात ते नव्या सदऱ्याची वरची गुंडी पुन्हा पुन्हा लावत होते.

घर छोटं होतं, पुढं अंगण, एक पुढली खोली, मागं स्वयंपाकघर. यशवंत घरी नव्हता, सेमाडोहकडं दौऱ्यावर गेला होता. दार सुशीनंच उघडलं. तिनं बापाकडं पाहिलं. डोक्यावरचे सगळे केस पांढरे झालेले तिनं तेव्हाच पाहिले. क्षणभर मला वाटलं, आता होईल काहीतरी. तिनं पदर सारखा केला.

"या ना जी," ती म्हणाली. "बसा."

पाणी दिलं. दहा-अकरा वर्षांनी मुलगी समोर उभी होती आणि मास्तर फुलपात्र हातात धरून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून एक पोर उड्या मारत आली. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. सुजाता. आम्हाला पाहून थबकली.

"आई, हे कोण हायेत?"

मास्तरांनी फुलपात्र खाली ठेवलं. सुशीनं पोरीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली, आणि म्हणाली, "हे अकोल्याचे मास्तर. तुझ्या बाबाले शाळेत शिकवत. नमस्कार कर." यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. ती चहा टाकायला आत गेली.

पोर मोठी धीट. नमस्कार करून तिथंच बसली. "मास्तर, तुमाले नाटक येते का? आमच्या गॅदरिंगमधे नाटक हाये. बाबांनीच लिहून देल्लं. मी बाहेरची हाये."

मास्तरांनी घसा साफ केला. "आणि किल्लेदार? किल्लेदार कोण करतो?"

"तो येतच नाही ना स्टेजवर! आतून नुसता आवाज येते. एकच शब्द हाये त्याले, नाही. आमच्या बाई म्हणे, ज्याचं पाठांतर होत नाही त्याले देऊ." ती उठली. "तुमी म्हणता का? मी बाहेरून म्हणते, तुमी आतून नाही म्हणा. लय सोपं हाये."

उत्तराची वाटही न पाहता ती अंगणात गेली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. मास्तर उठले. दारापाशी जाऊन उभे राहिले. बाहेरून बारीक आवाज आला, "बाबा, मी आली. दार उघडा."

मास्तरांनी दार उघडलं.

"असं नाई!" पोर वैतागली. "उघडायचं नाई. नाही म्हणायचं."

तिनं पुन्हा दार ओढलं. पुन्हा आवाज आला, "बाबा, मी आली. दार उघडा." आणि मास्तरांनी पुन्हा उघडलं. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांचा हात पुढं गेला, तर ती त्याखालून निसटून ओरडली, "आई! मास्तरले सांग ना! हे दारच उघडून राहिले!"

सुशी चहाचं तबक घेऊन दाराच्या आतल्या अंगाला येऊन उभी राहिली होती. कधी आली, मला कळलं नाही. मास्तरांनी तिच्याकडं वळून पाहिलं. त्यांचे ओठ हलले. तो शब्द त्यांना म्हणायचा होता, मी शिकवलेला.

"म्हणा ना, मास्तर," सुशी म्हणाली. "तुमाले तर येते."

पोरीनं तिसऱ्यांदा दार लावलं. बाहेरून हाक आली. मास्तर दाराकडं तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात अंगाला चिकटवून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. आणि म्हणाले, "नाही."

म्हातारपणानं फुटलेला आवाज होता, पण होता तोच. खोलीभर झाला. सुशीनं डोळे मिटले. बाहेर पोर आनंदानं म्हणाली, "हां, आता बरोबर!"

चहा आम्ही घेतला. सुशीनं शेव-चिवडा दिला. गाडी कितीची आहे ते विचारलं, अकोल्यात थंडी किती आहे ते विचारलं. मास्तरांनी दोन्हींची उत्तरं दिली. मग छत्री टेकत ते उठले. आपल्याकडं निघणारा माणूस कधी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. चुकून जातो म्हटलं तर घरातली बाई तिथल्या तिथं टोकते, "जातो नाही, येतो म्हणा." एवढं तर परक्यालाही म्हणतात.

मास्तर अंगणात उतरले, मागं वळले, आणि सुशीकडं बघत म्हणाले, "जातो."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"बरं," सुशी म्हणाली.